टॅलिन कसे पाहावे: बालेकिल्ल्यावरून पेठेत, पेठेतून समुद्राकडे

एस्टोनियाची राजधानी टॅलिन पाहणारे अनेक भारतीय प्रवासी हेलसिंकीहून सकाळच्या बोटीने येतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत जातात. मधल्या पाच-सहा तासांत चौक, एखादे चर्च आणि टेकडीवरून काढलेले फोटो एवढेच पदरात पडते. जुन्या शहरात सर्वाधिक गर्दीही नेमकी त्याच वेळात असते, कारण मोठ्या क्रूझ जहाजांचे प्रवासी साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन याच वेळेत गल्ल्यांमध्ये उतरतात. माझे सांगणे एवढेच की इथे दोन रात्री राहा. सकाळी साडेसात आणि रात्री नऊ या दोन वेळांना हे शहर जसे दिसते तसे दुपारी दिसत नाही.

दुसरे म्हणजे, हे शहर क्रम लावून पाहा. टॅलिन शतकानुशतके एक शहर नव्हतेच. चुनखडीच्या टेकडीवर टोम्पेआ होते. तिथे राजाचा किंवा धर्मयोद्ध्यांच्या संघाचा प्रतिनिधी, बिशप आणि जमीनदार उमराव राहत. पायथ्याशी जर्मन व्यापारी आणि कारागिरांचे शहर होते, त्याची नगरसभा वेगळी आणि ल्यूबेक या जर्मन बंदर-शहराकडून घेतलेला कायदाही वेगळा. मराठी वाचकाला बालेकिल्ला आणि पेठ म्हटले की चित्र डोळ्यांपुढे उभे राहील. फरक एवढाच की ही पेठ बालेकिल्ल्याच्या हुकमतीत नव्हती. दोघांमध्ये तट होता, दरवाजा होता आणि रात्री तो बंद होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दोन्हींचा कारभार वेगळा चालला. हे डोक्यात ठेवून आधी वर, मग तटाने खाली, मग पेठ, मग समुद्र असे गेलात तर प्रत्येक इमारत कुठे आणि का उभी आहे ते आपोआप कळत जाते.

निघण्यापूर्वी

एस्टोनिया २००७ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आणि २०११ पासून युरो वापरणाऱ्या देशांत आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. फिनलंडमध्ये चार दिवस आणि टॅलिनमध्ये दोन असतील तर अर्ज फिनलंडकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने आधी कागदपत्रे तयार ठेवा, उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर संपतात. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असला पाहिजे.

भारतातून थेट विमान नाही. हेलसिंकी, फ्रँकफर्ट, वॉर्सा किंवा इस्तंबूल अशा एखाद्या ठिकाणी बदलून जावे लागते. शेंगेनमधल्या शहरात विमान बदलत असाल तर पासपोर्ट-तपासणी तिथेच होते, त्यामुळे दोन विमानांमध्ये किमान अडीच तास ठेवा. हेलसिंकीहून बोटीने येणे मला अधिक आवडते. फिनलंडचे आखात ओलांडायला दोन ते अडीच तास लागतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात चर्चचे मनोरे एकेक करून क्षितिजावर उभे राहतात. हान्सा, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या मध्ययुगीन संघाच्या काळातल्या खलाशांनाही शहर असेच दिसत असणार. बोटीसाठी एकप्रवेशी व्हिसा चालतो, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर जातच नाही. पासपोर्ट मात्र जवळ हवाच. बंदरापासून जुने शहर पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

विमानतळही लांब नाही, जेमतेम चार किलोमीटर. बस आणि ट्राममध्ये संपर्करहित बँक कार्ड चालकाजवळच्या यंत्राला टेकवले की तिकीट होते. २०१३ पासून इथली वाहतूक मोफत आहे असे ऐकून येणारे बरेच असतात, पण ती सवलत शहरात नोंद असलेल्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. टॅक्सीसाठी बोल्ट हे मोबाइल ॲप वापरा. ही कंपनी टॅलिनमध्येच २०१३ साली सुरू झाली. विमानतळाला लागूनच यूलेमिस्ते तळे आहे. त्या तळ्यातून एक म्हातारा बाहेर येतो आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याला विचारतो, "शहर बांधून झाले का?" झाले म्हटले की तो तळ्याचे पाणी सोडून सगळे बुडवणार. म्हणून उत्तर ठरलेले आहे, अजून पुष्कळ बाकी आहे. वाटेत क्रेन आणि खणलेले रस्ते दिसले की टॅलिनकर अजूनही त्या म्हाताऱ्याची आठवण काढतात.

ऋतूचे म्हणाल तर मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनअखेर सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो, तेव्हा दिवस संपतच नाही. मात्र २३ आणि २४ जूनला राष्ट्रीय सुट्ट्या असतात, लोक गावाकडे जातात, दुकाने आणि संग्रहालये बरीच बंद असतात. त्या तारखा टाळा. डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड असतो, पण नगरभवनासमोर नाताळचा बाजार भरतो आणि बर्फ असेल तर त्या चौकाला तोड नाही. हिवाळ्यात बुटांचा तळ खोल नक्षीचा हवा, उतारावरचे दगड काचेसारखे गुळगुळीत होतात. उन्हाळ्यातही वारा गार असतो, विंडचीटर पिशवीत ठेवा. बूट मऊ, जाड तळाचे. सगळे जुने शहर गोट्यांच्या फरसबंदीचे आहे.

राहायला तटाच्या आत किंवा तटाला लागून जागा घ्या. फक्त खोली चौकावर उघडणारी नको, शुक्रवार-शनिवारी तिथे उशिरापर्यंत आवाज असतो. चाकांची बॅग फरसबंदीवरून ओढणे जिवावर येते, म्हणून टॅक्सी नेमकी कुठपर्यंत येते ते हॉटेलला आधी विचारा. जुन्या शहरातल्या बऱ्याच घरांत लिफ्ट नाही, तेही विचारून घ्या.

पहिली सकाळ: टोम्पेआ

सकाळी लवकर वर जा. पेठेतून वर जायला दोन वाटा आहेत. पिक्क याल्ग ही लांब, संथ चढाची, पूर्वी घोड्यागाड्यांची. ल्युहिके याल्ग ही आखूड, पायऱ्यांची. चढताना लांब वाट धरा आणि उतरताना आखूड. लांब वाटेच्या तोंडाशी दरवाजाचा चौकोनी मनोरा आहे आणि एका बाजूने उंच तट सोबत येतो. हा तट पेठेतल्या लोकांनी वरच्यांपासून स्वतःला वेगळे ठेवण्यासाठी बांधला होता.

टेकडीच्या नैर्ऋत्य टोकाला टोम्पेआचा किल्ला. १२१९ मध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या वाल्डेमार राजाने ही टेकडी घेतली. १३४६ मध्ये डॅनिश राजाने उत्तर एस्टोनिया ट्यूटॉनिक या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला विकला. १५६१ मध्ये स्वीडन आले, १७१० मध्ये रशिया. मालक बदलत गेले, पण प्रत्येकाने कारभार याच जागेवरून केला. आज इथे एस्टोनियाची संसद बसते. समोरून दिसणारा गुलाबी महाल अठराव्या शतकातला आहे. जुना किल्ला पाहायचा तर मागे, टेकडीच्या पश्चिम उताराखाली जावे लागते. तिथून सरळसोट तट आणि पिक्क हर्मान हा उंच बुरूज दिसतो. त्याच्यावर निळा-काळा-पांढरा झेंडा असतो. रोज सूर्योदयाला, पण सातच्या आधी कधीच नाही, राष्ट्रगीताच्या सुरांवर तो चढवतात. सोव्हिएत काळात तिथे दुसरा झेंडा होता. २४ फेब्रुवारी १९८९ ला, स्वातंत्र्य परत मिळण्याच्या अडीच वर्षे आधी, हा तिरंगा पुन्हा वर गेला. वसंतात किंवा शरदात आलात तर सकाळी तो चढताना पाहा. बघणारे दोन-चारच असतात.

संसदेच्या बरोबर समोर कांद्यासारख्या घुमटांचे अलेक्झांडर नेव्स्की कॅथेड्रल आहे. ते पूर्ण झाले १९०० मध्ये. झारच्या राजवटीने मुद्दाम या जागी, किल्ल्याच्या तोंडावर ते उभारले. म्हणून १९२० च्या दशकात ते पाडावे अशी चर्चा झाली होती. ते राहिले आणि आज तिथे नित्य उपासना होते. आत प्रवेश मोफत आहे, फोटो काढायचे नाहीत, बोलणे हळू.

तिथून दोन मिनिटांवर टोमकिरिक, म्हणजे बिशपचे चर्च. घाई असेल तर टोम्पेआवरची बाकी सगळी ठिकाणे बाहेरून पाहा, पण इथे तिकीट काढून आत जा. पांढऱ्या भिंती खालपासून वरपर्यंत लाकडी कोरीव कुलचिन्हांनी भरलेल्या आहेत. काही माणसाच्या दुप्पट उंचीची. सिंह, मुकुट, शिरस्त्राणे, तोफा, झेंडे, सगळे रंगवलेले आणि सोनेरी. ही या प्रांतातल्या जर्मन उमराव घराण्यांची चिन्हे. घरातला कर्ता गेला की त्याच्या अंत्ययात्रेत हे चिन्ह पुढे चाले आणि मग चर्चमध्ये टांगले जाई. सातशे वर्षे या देशाची जमीन कोणाकडे होती याचा जणू तो सातबाराच आहे. एस्टोनियन शेतकऱ्याचे नाव त्या भिंतींवर शोधूनही सापडायचे नाही. बाहेर पडताना दाराच्या आत पायाखाली एक मोठी दगडी शिळा लागते. ऑटो योहान थुवे या रंगेल जमीनदाराने आपल्याला उंबरठ्याशी पुरावे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय वर पडून पापे झिजावीत अशी इच्छा ठेवली होती, असे सांगतात.

मग दोन सज्जे. कोह्तुओत्सा पूर्वेकडे पाहतो. खाली पेठेची लाल कौले, चर्चचे मनोरे, मागे बंदर आणि काचेच्या नव्या इमारती. पातकुली उत्तरेकडे पाहतो आणि तिथून तटाचे बुरूज ओळीने दिसतात. गर्दी पहिल्यावर जास्त, समाधान मला दुसऱ्यावर जास्त वाटते. साडेआठपर्यंत दोन्ही उरकले तर फोटोत फक्त शहर येते.

तट आणि बुरूज

आता ल्युहिके याल्गकडे उतरा. वाटेत डॅनिश राजाची बाग लागते. १२१९ च्या लढाईत डेन्मार्कचा झेंडा आभाळातून पडला अशी कथा आहे, ती जागा हीच असे मानतात. बागेच्या पलीकडे कीक इन दे क्योक हा तोफांचा बुरूज, ३८ मीटर उंच, भिंती चार मीटर जाड. बाहेरून त्याला एक फेरी घाला आणि मान वर करून दगडांच्या सांध्यांकडे बारकाईने पाहा. भिंतीत तोफेचे गोळे रुतलेले दिसतील. रशियाचा झार इव्हान द टेरिबल याच्या सैन्याने १५७७ मध्ये घातलेल्या वेढ्याची ती खूण. शहर पडले नाही.

याच बुरजातून स्वीडिश काळातल्या भुयारांत जाता येते. मातीच्या मोठ्या बुरुजांच्या पोटातून दारूगोळा आणि सैनिक हलवण्यासाठी ती सतराव्या शतकात खणली. दुसऱ्या महायुद्धात लोक हवाई हल्ल्यांपासून तिथे लपले. आत बारा महिने गारठा असतो, स्वेटर लागतोच. ज्यांना किल्ल्यांची आवड आहे त्यांनी इथे दीड तास धरावा. इतरांनी थेट तटावर चढावे. म्यूरिवाहे रस्त्यावर हेलेमान बुरुजाशी तटावरच्या लाकडी सज्जात चढता येते, किंवा उत्तर-पश्चिमेला नुन्ना, साउना आणि कुल्दयाला या तीन बुरुजांना जोडणारा पट्टा चालता येतो. जिने अरुंद आणि उभे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खाली थांबलेले बरे. तटाचा सुमारे १.९ किलोमीटर भाग आणि वीसहून अधिक बुरूज आज उभे आहेत. उत्तर युरोपात इतकी शाबूत तटबंदी क्वचितच दिसते. १९९७ मध्ये युनेस्कोने हे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यात या तटाचा मोठा वाटा आहे.

पेठ

राएकोया प्लात्स, म्हणजे नगरभवनाचा चौक. नगरभवन आजच्या रूपात १४०४ मध्ये पूर्ण झाले. मनोऱ्याच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारा शिपाई आहे, 'म्हातारा टोमास'. १५३० पासून शहराचा राखणदार तोच. कमानींखालच्या एका खांबाला लोखंडी गळपट्टे अडकवलेले आहेत. चोराला किंवा मापात फसवणाऱ्याला तिथे बांधून बाजारासमोर उभे करीत. भिंतीच्या वरच्या कडेला ड्रॅगनच्या तोंडाची पन्हाळी पाहा. आतली दालने आणि मनोरा मुख्यतः उन्हाळ्यातच उघडे असतात.

चौकाच्या कोपऱ्यात नगरसभेचे औषधालय आहे. त्याची पहिली नोंद १४२२ ची आणि औषधे तिथे आजही विकतात. बुर्खार्ट घराण्याच्या दहा पिढ्यांनी ते तीनशेहून अधिक वर्षे चालवले. मागच्या छोट्या खोलीत जुन्या औषधांचे नमुने आणि काचेची भांडी मांडली आहेत.

औषधालयाशेजारच्या बोळातून पलीकडे निघालात की पवित्र आत्म्याचे चर्च. बाहेरच्या भिंतीवर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले कोरीव लाकडी घड्याळ आहे, त्याच्यासमोर सगळे थांबतात आणि पुढे जातात. आत मात्र जा. पेठेत चर्च बरीच होती, पण सामान्य एस्टोनियन माणसांचे चर्च हे. मोलकरणी, हमाल, कोळी इथे येत आणि त्यांच्या भाषेत प्रवचने इथे होत. या चर्चचा धर्मगुरू योहान कोएल याने १५३५ मध्ये छापलेल्या धर्मपुस्तिकेचा एस्टोनियन अनुवाद केला. एस्टोनियन मजकूर छापलेले आज हाती असलेले सर्वांत जुने पुस्तक ते. टोमकिरिकमधली कुलचिन्हे पाहून आल्यावर हे लहानसे, बसके चर्च पाहणे मला फार मोलाचे वाटते. वरचा आणि खालचा फरक इथे नीट समजतो.

निगुलिस्ते हे व्यापाऱ्यांचे चर्च, आता संग्रहालय आहे. १५२४ मध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत जमावाने शहरातल्या चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, तेव्हा इथल्या कारभाऱ्याने कुलपांमध्ये वितळलेले शिसे ओतून दरवाजे बंद करून टाकले आणि हे एक चर्च वाचले असे सांगतात. ९ मार्च १९४४ च्या सोव्हिएत हवाई हल्ल्यात ते जळाले. मौल्यवान कलाकृती आधीच हलवल्या होत्या म्हणून त्या राहिल्या. शेजारच्या हारयू रस्त्याच्या एका बाजूला घरे नाहीत, नुसती बाग आहे. तिथली घरे त्याच रात्री गेली.

आतल्या कोपऱ्यातल्या दालनात बेर्न्ट नोत्के या ल्यूबेकच्या चित्रकाराचे 'मृत्यूचे नृत्य' आहे, पंधराव्या शतकाच्या अखेरचे. मूळ चित्र खूप लांब होते, उरलेला तुकडा साडेसात मीटरचा. सुरुवातीला एक सांगाडा बसून मशकबाजा वाजवतो आहे. मग पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा, आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये हात धरून नाचणारा एक सांगाडा. सांगाड्यांचे पाय उडते आहेत, माणसांचे पाय जड. सम्राज्ञीचा चेहरा नीट पाहा, आणि मग मागची पार्श्वभूमी. तिथे हिरवी शेते, मनोरे, जहाजे असे नेहमीचे जग शांतपणे चाललेले आहे. खाली जुन्या जर्मनमध्ये मृत्यूचा आणि माणसाचा संवाद लिहिला आहे. इथे बाकावर बसून पंधरा मिनिटे द्या. हेर्मेन रोडेने १४८१ मध्ये पूर्ण केलेली मोठी वेदीही याच इमारतीत आहे. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, विशेषतः उन्हाळा सोडून, म्हणून हा दिवस सोमवारी येऊ देऊ नका.

दुपारी गर्दी चौकात दाटली की काटारिना कायक या कमानींच्या बोळात शिरा. एका बाजूला जुन्या डॉमिनिकन मठाच्या चर्चमधल्या थडग्यांच्या कोरीव शिळा भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, दुसऱ्या बाजूला काच, चामडे, मातीकाम आणि विणकाम करणाऱ्या बायकांची कामाची जागा. काम चालू असताना पाहता येते. भेटवस्तू घ्यायची तर चौकातल्या दुकानापेक्षा इथे घ्या. पुढे वीरू दरवाजाचे दोन बुरूज आहेत, पण तिथे फुलांच्या दुकानांपलीकडे थांबण्याचे कारण नाही.

पिक्क रस्त्याने समुद्राकडे

संध्याकाळ या रस्त्यासाठी ठेवा. चौकाजवळून निघून तो सरळ बंदराकडे जातो. रशियातून येणारे मेण आणि केसाळ कातडी, पश्चिमेकडून येणारे मीठ आणि कापड, सगळा माल याच रस्त्याने हलत होता. घरांची शिखरे बघत चाला. शिखराखाली भिंतीतून पुढे आलेली तुळई दिसते, तिला कप्पी आणि दोर लावून पोती वर ओढत. खाली मोठ्या दालनात सौदे, मागे कुटुंब, वरचे मजले गोदाम. एकाच छपराखाली सगळा धंदा.

मोठ्या व्यापारी संघाचे १४१० चे सभागृह आता इतिहास संग्रहालय आहे. त्याच्या समोरच्या कोपऱ्यावर १८६४ पासून चालणारे मायास्मोक हे कॅफे आहे, तिथले मार्झिपान म्हणजे बदाम आणि साखरेच्या लगद्याच्या आकृत्या हाताने रंगवतात. थोडे पुढे काळ्या शिरांच्या बंधुसंघाचे घर. अविवाहित तरुण व्यापाऱ्यांची ही संघटना, तिचा रक्षक संत मॉरिस हा आफ्रिकन योद्धा. त्याचे शिर हिरव्या-लाल कोरीव दारावर आहे.

मग ओलेविस्ते हे चर्च. मनोरा १२४ मीटरचा, वीज पडून तो अनेकदा जळाला. सोव्हिएत काळात केजीबीने याच मनोऱ्यावर रेडिओची यंत्रे बसवली होती आणि त्यांचे मुख्यालय जवळच, याच पिक्क रस्त्यावर होते. उन्हाळ्यात मनोऱ्यावर चढता येते. दगडी चक्री जिना सव्वादोनशेहून अधिक पायऱ्यांचा आहे, उतरणारे आणि चढणारे त्याच वाटेने, हाताला दोर. हृदयविकार किंवा चक्कर असेल तर चढू नका. वरून टोम्पेआ आणि पेठ एका नजरेत येतात.

रस्त्याच्या शेवटी किनारी दरवाजा आणि 'जाड मार्गारेट' हा बुटका, अवाढव्य बुरूज. आत सागरी संग्रहालय आहे आणि त्यात २०१५ मध्ये शहरातच बांधकामाच्या खड्ड्यात सापडलेले मध्ययुगीन मालवाहू जहाज ठेवले आहे. हान्सा व्यापाराची लाकडी फासळी डोळ्यांनी पाहायला मिळते. बाहेरच्या टेकाडावर एक काळी कमान मध्येच तुटलेली दिसेल. २८ सप्टेंबर १९९४ ला 'एस्टोनिया' ही बोट बुडून ८५२ माणसे गेली, त्यांचे ते स्मारक. तिथे क्षणभर उभे राहा.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

चौकातली उपाहारगृहे महाग आहेत. दोन गल्ल्या मागे गेलात की दर उतरतात. दुपारी 'पाएवाप्राड' अशी पाटी दिसली की आत जा, तो त्या दिवसाचा ठरलेला पदार्थ असतो आणि स्वस्तात पोट भरते. शाकाहारी जेवणाला 'ताइमेतोइत' म्हणतात. 'इल्मा लिहाता' म्हणजे मांसाशिवाय, 'इल्मा कालाता' माशांशिवाय, 'इल्मा मुनाता' अंड्याशिवाय. मशरूमच्या सूपमध्ये मांसाचे पाणी असू शकते, तेव्हा विचारून घ्या. इंग्रजी जवळजवळ सगळ्यांना येते, पण 'तेरे' म्हणजे नमस्कार आणि 'आइताह' म्हणजे आभार, हे दोन शब्द वापरा.

राय (rye) या गव्हासारख्या धान्याचा काळा, किंचित आंबट पाव खाऊन पाहाच, लोणी लावून. किराणा दुकानातून 'कोहुके' घ्या, चॉकलेटचे वेष्टन असलेली गोड छन्याची लहान कांडी. भाजलेल्या बार्ली, राय, ओट आणि वाटाण्याचे 'कामा' पीठ ताकात किंवा दह्यात कालवून खातात. आपल्याकडच्या माणसाला ते पहिल्या घासातच आवडते. मासे खाणाऱ्यांनी काळ्या पावावर मसाल्यातली लहान मासळी आणि उकडलेले अंडे ही जोडी घ्यावी. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

दुसरा दिवस तटाबाहेर

सकाळी काद्रिओर्ग. ट्रामने पंधरा मिनिटे. रशियाचा झार पीटर द ग्रेट याने पत्नी कॅथरीनसाठी १७१८ मध्ये इथे महाल बांधायला घेतला. महाल देखणा आहे, पण वेळ द्यायचा तो बागेच्या टोकाला चुनखडीच्या कड्यात बसवलेल्या कुमू या कलासंग्रहालयाला. २००६ मध्ये उघडलेल्या या इमारतीत एस्टोनियन चित्रकला सुरुवातीपासून आजपर्यंत आहे, आणि सोव्हिएत काळातली दालने तर चुकवू नयेत अशी.

तिथून पायी लाउलुवाल्याक, म्हणजे गाण्याचे मैदान. १९६० मध्ये बांधलेली मोठी कमान, समोर हिरवा उतार. दर पाच वर्षांनी इथे हजारो गायक एकत्र गातात. सप्टेंबर १९८८ मध्ये लाखो लोक इथे जमून मनाई असलेली गाणी गायले. पुढच्या वर्षी २३ ऑगस्टला टॅलिनपासून रीगामार्गे विल्न्यूसपर्यंत माणसांनी हात धरून साखळी केली आणि २० ऑगस्ट १९९१ ला एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केले. मैदान रिकामे असले तरी जा. उताराच्या माथ्यावर, कमानीकडे तोंड करून बसा.

दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कालामाया या लाकडी घरांच्या मोहल्ल्यात. रेल्वे स्थानकाशेजारचा बाल्टी याम बाजार आणि जुन्या कारखान्यांतली तेल्लिस्किवीची दुकाने तरुणांना आवडतील. मला विचाराल तर थेट लेन्नुसादाम हे सागरी संग्रहालय गाठा. १९१६-१७ मध्ये समुद्री विमानांसाठी बांधलेल्या पातळ काँक्रीटच्या तीन घुमटांखाली खांब नाहीत. आत मध्यभागी १९३६ ची 'लेम्बित' पाणबुडी उभी आहे आणि तिच्या पोटात शिरता येते. मुलांसोबत असाल तर तीन तास धरा. धक्क्यावर वाफेवरचे बर्फफोडे जहाज 'सूर तोल' आहे, त्याच तिकिटात आहे का ते खिडकीवर विचारा.

संग्रहालये चार-पाच करणार असाल तर टॅलिन कार्ड हा एकत्रित प्रवेशाचा पास परवडतो. दोनच करणार असाल तर सुटी तिकिटे घ्या.

ज्येष्ठ सोबत असतील तर, आणि पाचच तास असतील तर

आई-बाबा किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर टोम्पेआवर टॅक्सीने जा. नैर्ऋत्येकडून गाडीचा रस्ता संसदेपर्यंत येतो. कॅथेड्रल, टोमकिरिक आणि कोह्तुओत्सा हे सगळे वर सपाटीवर आहे. उतरताना ल्युहिके याल्गच्या पायऱ्या टाळून पिक्क याल्गने सावकाश या, उजव्या हाताला भिंतीचा आधार मिळतो. चौकात बसायला बाक आहेत, आणि निगुलिस्तेत तर दालनातही बसता येते.

बोटीने सकाळी उतरून संध्याकाळी परतायचेच असेल तर बंदरातून पायी न येता टॅक्सीने थेट टोम्पेआ गाठा. दहाच्या आत कोह्तुओत्सा, मग टोमकिरिक, मग ल्युहिके याल्गने खाली निगुलिस्ते. गर्दीच्या वेळी तुम्ही संग्रहालयाच्या आत असाल. जेवण दोन गल्ल्या मागे, मग चौक आणि पवित्र आत्म्याचे चर्च, आणि शेवटी पिक्क रस्त्याने किनारी दरवाजातून सरळ धक्क्याकडे. बोटीवर चढण्याची वेळ सुटण्याच्या बरीच आधी संपते, ती तिकिटावर पाहून ठेवा. जाड मार्गारेटपासून धक्क्यापर्यंत वीस मिनिटे धरा, आणि तुमची बोट ए टर्मिनलवरून सुटते की डी, हे सकाळीच लिहून ठेवा. दोन्ही एकमेकांपासून बरीच लांब आहेत.